टीबीच्या गोळ्या : सोसायचं काय, सांगायचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज मी टीबीच्या गोळ्यांविषयी बोलणार आहे. टीबी म्हणजेच क्षय, आणि तो गोळ्यांनी बरा होतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगाचं काय काय होतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रुग्ण बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही पुरेसं बोलत नाही. त्या न बोलण्याची किंमत काय पडते, ते मला एका रुग्णानं शिकवलं. सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

१९९६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून मला पाच-सहा वर्षं झाली होती. दिवाळी होऊन गेली होती, उसाची तोड सुरू झाली होती. पन्नाशीचे एक शेतकरी आले. त्यांना आपण अण्णा म्हणू. महिनाभराचा खोकला, संध्याकाळ झाली की अंगात कणकण, सदरा अंगावर लोंबायला लागलेला. थुंकी तपासली, तीत जंतू सापडले. मी औषधं लिहून दिली, कोणती कधी घ्यायची ते सांगितलं आणि शेवटी बजावलं, "सहा महिने घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही." बाहेर बाकावर पंधरा माणसं खोळंबली होती. अण्णांनी मान डोलावली आणि ते गेले.

ते परत आले थेट मार्च महिन्यात. खोकल्यातून रक्त पडत होतं. गोळ्या त्यांनी चौथ्याच दिवशी बंद केल्या होत्या. मी चिडलो. "अहो अण्णा, एवढं बजावलं होतं ना मी?" ते खाली मान घालून गप्प. बायको औषधाच्या दुकानात गेली तेव्हा हळूच म्हणाले, "डाक्टर, लघवीतनं रगत जायला लागलं. म्हटलं, छातीतलं दुखणं खाली उतरलं."

ते रक्त नव्हतं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचं एक औषध असतं. ते मुळातच विटकरी लाल रंगाचं असतं आणि तोच रंग लघवीतून बाहेर पडतो. त्यात घाबरण्यासारखं काहीही नाही. "मग विचारायला का नाही आलात?" मी म्हटलं. "असलं कसं कुणाला सांगायचं, डाक्टर?"

त्या चार महिन्यांत अण्णा सात माणसांच्या घरात खोकत होते. त्यांच्या गोधडीत झोपणारा सहा वर्षांचा नातूही आजारी पडला. पुढे दोघांनी नेटानं औषधं घेतली, दोघंही बरे झाले. पण अण्णांचं उजवं फुप्फुस आकसलं ते आकसलंच. बांधावरून दोन पेंढ्या आणतानाही त्यांना दम लागायचा. "लघवी लाल होईल, घाबरू नका," एवढं एक वाक्य मी नोव्हेंबरात बोललो नव्हतो. त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

तेव्हापासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाला मी गोळ्यांच्या आधी त्यांचा त्रास सांगतो. आज तेच तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी, या गोळ्या एवढ्या सगळ्या आणि इतके दिवस का घ्याव्या लागतात, ते थोडक्यात पाहू.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला, पण त्यावरचं पहिलं गुणकारी औषध यायला पुढची साठ वर्षं जावी लागली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसू लागले. मात्र काही महिन्यांत त्यांतले बरेच पुन्हा आजारी पडले, आणि आता तेच इंजेक्शन त्यांना लागू पडेना. झालं असं होतं, की शरीरातल्या कोट्यवधी जंतूंत थोडे जंतू मूळचेच त्या औषधाला दाद न देणारे असतात. बाकीचे मेले की या थोड्यांना रान मोकळं मिळतं. म्हणून मग दोन-तीन औषधं एकदम द्यायची पद्धत आली. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. शिवाय काही जंतू झोपल्यासारखे पडून राहतात. त्यांना गाठायला वेळ लागतो, आणि खोकला-ताप गेल्यावरही औषध चालू ठेवावं लागतं ते याचसाठी.

आज साध्या टीबीसाठी पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधं देतात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन देतात. पूर्वी सरकारी केंद्रात दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनदा, एका वेळी सात सात गोळ्या गिळाव्या लागत. २०१७ पासून देशभर रोजचा डोस सुरू झाला. आता एकाच गोळीत सगळी औषधं एकत्र असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आजच्या विषयाचं मूळ तिच्यात आहे. पूर्वी टीबीचा रुग्ण मिरजेसारख्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने राहायचा. १९५६ पासून मद्रासमध्ये एक अभ्यास झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध दिलं, काहींना त्यांच्या घरी, झोपडपट्टीतसुद्धा. १९५९ साली निष्कर्ष जाहीर झाला : घरी राहून औषध घेणारा रुग्णही जवळपास तितकाच बरा होतो. त्या निष्कर्षानं साऱ्या जगाची उपचारपद्धत बदलली आणि गरिबाला टीबीचा उपचार परवडू लागला. पण रुग्ण घरी आला, तेव्हा खाटेशी उभी असलेली परिचारिका मागे राहिली. डोळे पिवळे दिसतात का, जेवण जातं का, हे रोज बघणारी तीच होती. तिचं काम आता घरच्या माणसांना करायचं आहे, आणि त्यासाठी काय बघायचं ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मी त्रासाचे तीन गट करतो. सोसायचे, सांगायचे, आणि तडक दवाखाना गाठायचा असे.

पहिला गट सोसायचा. यात लाल लघवी आली. गोळी घेतल्यावर काही तासांत लघवी नारिंगी किंवा तांबूस होते आणि पुढे हळूहळू फिकी पडत जाते. घाम, थुंकी, डोळ्यांतलं पाणी यांनाही रंग येतो. पांढऱ्या बनियनला काखेत डाग पडतात. डोळ्यांत मऊ काँटॅक्ट लेन्स वापरत असाल, तर त्या कायमच्या रंगतात. तेवढे सहा महिने चष्मा लावलेला बरा. रिफाम्पिसिन बंद झालं की रंग जातो.

दुसरा सोसण्याजोगा त्रास मळमळीचा. या गोळ्या उपाशीपोटी चांगल्या अंगी लागतात, म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायला सांगतात. पण कित्येकांना ते झेपत नाही. "गोळ्या गरम पडतात", "पोटात डोंब उसळतो" असं लोक सांगतात. अशा वेळी गोळी सोडण्यापेक्षा ती थोडं खाऊन घेतलेली केव्हाही चांगली. मऊ भात, पेज, अर्धी भाकरी, काहीही चालेल. सगळ्या गोळ्या एका घोटात गिळू नका. पंधरा-वीस मिनिटांत एकेक करून, थोड्या पाण्याबरोबर घ्या. मात्र सकाळी दोन आणि रात्री दोन अशी वाटणी करू नका. डोस एका वेळीच पोटात जायला हवा. सकाळी जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री निजण्यापूर्वीची वेळ ठरवता येते. जळजळीसाठी अँटासिड घ्यायचं असेल, तर ते आणि टीबीच्या गोळ्या यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कारण काही अँटासिडं टीबीचं औषध अंगात जिरू देत नाहीत. गोळी उलटून पडली, तर आपल्या मनानं दुसरी घेऊ नका. किती वेळानं उलटी झाली ते आरोग्यसेवकाला सांगा, ते काय करायचं ते सांगतील. आणि एखादा डोस विसरलाच, तर त्याच दिवशी आठवण होईल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

दुसरा गट सांगायचा. हे त्रास जिवावरचे नसतात, पण न सांगता सोसत बसायचं कारण नाही, कारण प्रत्येकावर उपाय आहे.

सांधेदुखी घ्या. पहिल्या दोन महिन्यांत गुडघे, खांदे, बोटांचे सांधे दुखायला लागतात. हे पायराझिनामाइडचं काम. त्यानं रक्तातलं युरिक अॅसिड वाढतं. डॉक्टर साधं वेदनाशामक देतात आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. दोन महिने संपले, ते औषध थांबलं, की सांधे मोकळे होतात. "हे दोन महिन्यांचंच आहे" असं आधी कळलं, तर माणूस ते काढू शकतो. न कळलं तर त्याला वाटतं, की आता टीबी हाडांत शिरला.

दुसरी तक्रार हातापायांना मुंग्या येण्याची. तळपाय जळजळतात, रात्री पाय चादरीबाहेर काढून झोपावं लागतं. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, कमी पडतं आणि नसा कुरकुरू लागतात. मधुमेही, दारू पिणारे, गरोदर बाया, एचआयव्हीचे रुग्ण आणि मुळातच अंगावर मांस नसलेली माणसं यांना हा त्रास अधिक. म्हणून अशांना सुरुवातीपासूनच पायरिडॉक्सिनची दहा मिलिग्रॅमची गोळी रोज देतात. मुंग्या सुरू झाल्यावर सांगितलं, तर तिचा डोस वाढवतात. पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. हे जीवनसत्त्व फार मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं, तर त्यानंही नसा बिघडतात.

अंगाला खाज सुटणं हेही सांगायचंच. पुरळ नसेल, नुसती खाज असेल, तर साध्या गोळीनं ती आटोक्यात येते आणि टीबीचं औषध चालू राहतं.

गाठीच्या टीबीत आणखी एक चकवा असतो. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी मानेवरची गाठ लहान होण्याऐवजी मोठीच होते, किंवा शेजारी नवी उठते. रुग्ण म्हणतो, औषध लागू पडत नाही. पुष्कळदा हे शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्याचं लक्षण असतं. ते तसंच आहे की दुसरं काही, हे मात्र डॉक्टरांनीच बघायला हवं. म्हणून दाखवा, पण गोळ्या सोडू नका.

आता तिसरा गट. इथं वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पहिली काविळीची लक्षणं. टीबीच्या चारपैकी तीन औषधांचा ताण यकृतावर पडतो. बहुतेकांचं यकृत तो सहन करतं, काहींचं करत नाही. सुरुवात होते ती अन्नावरची वासना उडण्यापासून. कालपर्यंत थोडी मळमळ होती, आज पाण्याचा घोटही नको वाटतो, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतं, अंगात त्राण नाही. मग डोळे पिवळे दिसू लागतात. इथं प्रश्न येतो, की औषधानं झालेली लाल लघवी आणि काविळीची गडद लघवी ओळखायची कशी? औषधाची लघवी गोळीनंतर लाल होते, पुढे फिकी पडत जाते आणि डोळे पांढरेशुभ्रच राहतात. काविळीची लघवी दिवसभर कोऱ्या चहासारखी गडद राहते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. डोळे उन्हाच्या उजेडात बघायचे, पिवळ्या दिव्याखाली नव्हे. शंका आली, तर त्या दिवशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. एवढ्या एका बाबतीत "आधी दाखवा, मग गोळी" असं मी सांगतो.

डॉक्टर रक्त तपासतात. त्यात एसजीपीटी नावाचा आकडा असतो. लक्षणं असताना तो नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त झाला, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीहून जास्त झाला, तर सगळी औषधं थांबवतात. यकृत सावरलं की एकेक औषध पुन्हा सुरू करतात आणि दोषी कोण ते शोधतात. असे कितीतरी रुग्ण मी पुढे पूर्ण बरे झालेले पाहिले आहेत. आपल्याकडे कावीळ म्हटली, की माळ घालायची, पाल्याचा रस नाकात सोडायचा, ही धावपळ सुरू होते. त्यात जे आठ दिवस जातात, ते फार महागात पडतात. आणि दारू! हे सहा महिने ती पूर्ण बंद. "थोडी चालेल का?" असं विचारणाऱ्याला मी सांगतो, यकृत एकच आहे, त्याच्यावर दोन ओझी टाकू नका.

तिसऱ्या गटातली दुसरी गोष्ट डोळ्यांची. इथाम्ब्युटॉलनं क्वचित डोळ्याच्या नसेला इजा होते. नजर धूसर होते, लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. वेळीच औषध थांबवलं तर नजर बहुधा परत येते. उशीर केला तर येईलच असं नाही. म्हणून एक घरगुती परीक्षा सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ठरावीक अंतरावर उभे राहा. एक डोळा झाकून आकडे वाचा, मग दुसरा झाकून. रविवारचे लाल आकडे दोन्ही डोळ्यांना सारखेच लाल दिसतात का, तेही बघा. दर आठवड्याला एकदा. फरक वाटला तर त्याच दिवशी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

तिसरी गोष्ट, अंगभर पुरळ आणि त्याबरोबर ताप, तोंडात फोड, कातडी सोलणं. चौथी, हिरड्यांतून रक्त येणं किंवा कातडीखाली जांभळे ठिपके उठणं. हे प्रकार क्वचित घडतात, पण घडले तर रिक्षा करा आणि निघा.

बाकीच्या औषधांबद्दलही दोन शब्द. रिफाम्पिसिन घेताना शरीर इतर काही औषधं भराभर संपवून टाकतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो आणि साखर वाढते. रक्त पातळ करणारी औषधं, एचआयव्हीची काही औषधं, स्टेरॉइड यांचंही तसंच. बायकांनी हे लक्षात ठेवावं, की गर्भनिरोधक गोळीचा भरवसा या काळात राहत नाही. तांबी किंवा निरोध वापरावा. फिट्सच्या काही औषधांचं उलट होतं, आयसोनियाझिडमुळे ती रक्तात साचतात. म्हणून घरात जी काही औषधं असतील ती एका पिशवीत घालून पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. कोकणातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट : कुपा, बांगडा असे मासे शिळे असतील तर आयसोनियाझिडबरोबर त्यांचं जमत नाही. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. ताजी मासळी खा, शिळी नको.

श्रोतेहो, हे सगळं मी ज्ञान म्हणून सांगत होतो, ते २००९ पर्यंत. त्या वर्षी पावसाळ्यात माझ्याच छातीत पाणी झालं. तपासणीत टीबी निघाला. दिवसभर खोकणाऱ्या माणसांत बसणाऱ्याला तो होणं नवल नव्हतं. जिल्ह्याच्या गावातल्या माझ्या मित्रानं उपचार सुरू केले. पहिले पंधरा दिवस बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात मात्र सकाळी गोळ्यांचं पाकीट नुसतं दिसलं तरी पोट ढवळायला लागलं. अंगात शक्ती नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. एके दिवशी मी गोळ्या टेबलाच्या खणात टाकल्या. बायकोला सांगितलं, घेतल्या. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी तिला त्या खणात सापडल्या. ती चिडली नाही. गोळ्या हातात घेऊन म्हणाली, "अहो, पेशंटनं असं केलं तर तुम्ही त्याला काय म्हणता?" मला अण्णा आठवले. मी त्यांच्यावर कसा खेकसलो होतो, ते आठवलं. मी डॉक्टर. सगळी पुस्तकं वाचलेली. पोटभर खायला, झोपायला वेगळी खोली, हाताशी फोन. तरी मी गोळ्या लपवल्या. मग ज्याला पहाटे वीटभट्टीवर जायचं आहे, रोज बुडाला तर चूल पेटणार नाही, त्यानं काय करावं?

मित्राला फोन केला. त्यानं यकृताची तपासणी करून घेतली, ती ठीक निघाली. गोळ्यांची वेळ रात्री हलक्या जेवणानंतर केली. आठ-दहा दिवसांत मळमळ ओसरली. उपाय एवढा साधा होता, पण तो मिळण्यासाठी आधी "मला हे सहन होत नाही" असं कबूल करावं लागलं. त्या दिवसापासून मी रुग्णाला "गोळ्या चुकवल्या का?" असं विचारत नाही. "गोळ्यांचा त्रास काय होतोय?" असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला माणूस खोटं बोलतो, दुसऱ्याला खरं सांगतो. घरच्यांनीही असंच विचारावं.

आणखी एक त्रास आहे, जो पुस्तकात दुष्परिणामांच्या यादीत सापडत नाही. औषध लागू पडलं की मेलेली भूक जागी होते, आणि सपाटून लागते. भरल्या घरात ती आनंदाची गोष्ट. पण एका बाई मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, गोळ्या चांगल्या आहेत, पण त्यांनी खायला फार लागतं. पोरांच्या ताटातलं कसं खाऊ?" त्यांनी गोळ्या त्यासाठी सोडल्या होत्या. खाण्याचा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे. झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले, आणि ज्या घरांत जादा शिधा दिला तिथल्या इतर माणसांना टीबी होण्याचं प्रमाणही बरंच घटलं. केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ साली महिना पाचशे रुपयांनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना हजार रुपये झाली आहे. ती थेट बँक खात्यात जमा होते. तो तुमचा हक्क आहे, मागायला लाजू नका. डाळ, शेंगदाणे, अंडी, गूळ, हातसडीचं जे परवडेल ते खा. महागड्या टॉनिकांवर पैसे घालवू नका.

मग गोळ्या सोडल्या तर काय होतं? अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारा टीबी तयार होऊ शकतो. काही जण "ही एक गोळी गरम पडते" म्हणून तेवढीच काढून बाकीच्या घेतात. ते तर अधिक धोक्याचं, कारण मग उरलेल्या औषधांतून जंतू निसटायला शिकतो. अशा टीबीवर पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यांनी काही रुग्ण कायमचे बहिरे झाले. आता बेडाक्विलिनसारखी तोंडानं घ्यायची औषधं आली आहेत. २०२४ साली आपल्या सरकारनं सहा महिन्यांच्या नव्या उपचारालाही मान्यता दिली. पण त्या औषधांचे त्रास साध्या गोळ्यांपेक्षा जास्त असतात. लिनेझोलिडनं रक्त कमी होतं, नसा आणि डोळे बिघडू शकतात. बेडाक्विलिनसाठी हृदयाचा आलेख पुनःपुन्हा काढावा लागतो. म्हणजे लहान त्रासाला भिऊन पळालं, तर पुढे मोठा वाट बघत उभा असतो.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. औषध बंद करणं आणि बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद करायचं झालं तर ते डॉक्टर करतील, हिशेबानं, आणि पुन्हा सुरू करतील. आपण होऊन बंद पडू द्यायचं नाही. त्रास झाला तर आशाताईला सांगा, आरोग्यसेवकाला सांगा, डॉक्टरांना सांगा. कुणीच हाताशी नसेल, तर १८००-११-६६६६ हा सरकारचा टीबीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर विचारा.

जाता जाता अण्णांचं सांगतो. बरे झाल्यावर ते दर बाजाराला माझ्या दवाखान्यात यायचे. औषध काही नसायचं, दम खायला बाकावर टेकायचे. एकदा आत एका तरुण मुलाला मी टीबीच्या गोळ्या लिहून देत होतो. तो बाहेर गेला आणि अण्णांचा आवाज कानावर आला. "ए पोरा, टीबीच्या गोळ्या का? लघवी लाल हुतीया बघ. भ्यायचं न्हाय. आणि काय बी झालं तर आत येऊन डाक्टरला सांगायचं, माझ्यासारखं लाजायचं न्हाय."

मी नोव्हेंबरात जे बोललो नव्हतो, ते अण्णा माझ्या दारात बसून बोलत होते. तुमच्या घरात, शेजारात, वाडीवस्तीवर कुणी या गोळ्या घेत असेल, तर एवढंच त्यालाही सांगा.